डोंगरावर ठेवलेली नदी

मॉडेल करायला मला विद्यापीठाने शिकवलं. पण मॉडेल करण्याआधी जो कागद वाचावा लागतो, तो वाचायला शिकवलं माझ्याच वर्गातल्या एका मुलीने. ती वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, मला दीदी म्हणायची. तिचं आधी सांगून टाकते. कारण माझी जी फजिती झाली ती सांगायला लागले की मला दुसरं काही सुचत नाही, आणि मग तिचं राहून जातं.

ती जबलपूरचीच. आजोबा भंडाऱ्याकडून कारखान्यात नोकरीला आलेले, वडीलही त्याच कारखान्यात, राहायला कारखान्याचं क्वार्टर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. "समजते सगळं दीदी, पण बोलताना हिंदी घुसून जाते," असं म्हणायची, आणि घुसली तरी थांबायची नाही. शब्द अडला की हिंदीतला टाकायची, तोही नाही सापडला तर हाताने दाखवायची. वर्गात मराठी समजणाऱ्या आम्ही दोघीच. पहिल्या आठवड्यातच तिने माझं टेबल हेरलं आणि शेजारच्या स्टुलावर आपली पिशवी ठेवली. मी काही तिला बोलावलं नव्हतं. खरं तर मला शेजारी कोणीच नको होतं.

शेजारच्याला सगळं दिसतं ना.

मी चिपळूणजवळच्या गावातली. आठवीनंतर शाळा सुटली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. वडील गेले, शाळा लांब, आणि चिपळुणात खोक्यांच्या दुकानाला मुली हव्या होत्या. मिठाईचे खोके, साड्यांचे, फेट्यांचे. माझा हात चांगला होता. मालक गिऱ्हाइकापुढे नमुना म्हणून माझाच खोका सरकवायचे. पुढे मुक्त शाळेतून दहावी-बारावी केली, गणित आणि भूगोल चुकवून, जे विषय पाठ करून निभतात तेवढे घेऊन. मग कोणीतरी पेपरातली जाहिरात दाखवली. जबलपूरला विद्यापीठात मॉडेल बनवण्याचा कोर्स, हाताचं काम बघून प्रवेश. मी पिशवीत खोके भरून गेले आणि मला घेतलं. भाऊ स्टेशनवर म्हणाला, "एक वर्ष बघ. नाही जमलं तर दुकान आहेच." चांगल्या मनाने म्हणाला. पण ते 'आहेच' माझ्या पोटात जाऊन बसलं ते वर्षभर उठलं नाही.

नेपियर टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या वर मला खोली मिळाली. खालून दिवसभर मास्तरांचा माइकवरचा आवाज यायचा. शेजारच्या खोलीतल्या मुली वैतागायच्या, कानात कापूस घालायच्या. मी गुपचूप ऐकत बसायची. कळायचं काही नाही, पण कानावरून गेलं तरी थोडंफार चिकटेल असं वाटायचं.

वर्गात मी सगळ्यांत मोठी आणि हाताने सगळ्यांत साफ. दोन भिंतींचा कोपरा मी जुळवला की मध्ये फट दिसायची नाही. त्यामुळे कोणाला संशय येत नव्हता. नकाशा समोर आला की मी उगाच कटरचं पातं बदलत बसायची, बोर्ड पुसत बसायची. इतरांचे तुकडे तयार झाले की पाणी प्यायला म्हणून उठायची आणि जाता-येता त्यांचे तुकडे डोळ्यांनी मोजायची. खोक्यांच्या दुकानात असंच तर चालायचं, नमुना समोर ठेवायचा आणि तसंच करायचं. घर कागदावर किती लहान करून काढलंय, मॉडेलमध्ये किती करायचं, हा सगळा हिशेब मी असा दुसऱ्यांच्या टेबलावरून उचलला. सर विचारायचे, "समझ गए?" सगळ्यांबरोबर माझीही मान हलायची. माझी जरा जास्तच.

उन्हाळा लागला आणि वर्षातलं शेवटचं काम आलं. नदी.

सरांनी नर्मदेच्या काठाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा नकाशा दिला. म्हणजे बघायला नमुनाच नाही. वर काम घरून करून आणायचं. नकाशावर नुसत्या वळणावळणाच्या रेषा होत्या. त्यांना कंटूर म्हणतात. एक रेषा म्हणजे जमिनीची एक उंची. प्रत्येक रेषेबरहुकूम जाड बोर्ड कापायचा, थर एकावर एक चिकटवायचे की जमीन तयार. त्याआधी आम्ही एक टेकडी केली होती, सगळ्यांनी एकच. तिच्यात बाहेरची रेषा सगळ्यांत खाली आणि आतली सगळ्यांत वर होती. ते मी पाठ करून ठेवलं होतं. आत जाल तसं वर. आता नदीच्या कागदावरही रेषांपाशी बारीक आकडे होते आणि ते नदीकडे जाताना कमी होत गेलेले होते. मला ते दिसले नाहीत असं नाही. दिसले, आणि वाटलं, असतील रेषांचे नंबर.

विचारायला काय झालं होतं? शेजारीच तर बसली होती ती.

"दीदी, तुझ्याकडे कोणता हिस्सा आला?"

"घाटाचा."

"अरे वा. माझ्याकडे नुसतं जंगल. काही अडलं तर सांगशील."

"सोपं आहे गं," मी म्हणाले आणि कागदावर हात आडवा ठेवला.

कापलं मात्र देखणं. नदीचा लांबट तुकडा सगळ्यांत वर चिकटवताना मनात जरा खटकलं होतं. पण नदी डोंगरावरून येते हे मी शाळेत शिकले होते. तेवढा भूगोल माझ्यापाशी होता आणि त्याने माझा घात केला. नदीला निळा रंग दिला, घाटाला दगडी. वर वॉर्निशचे हात मारले आणि चादरीत गुंडाळून वर्गात नेलं.

सरांची एक पद्धत होती. जमिनीचं मॉडेल झालं की ते पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि स्टीलच्या लोट्याने त्यावर सावकाश पाणी सोडायचे. पाणी जिथे जमायला हवं तिथे जमलं, जिकडून जायला हवं तिकडून गेलं, की काम पास. मुलं त्याला नहान, म्हणजे अंघोळ, म्हणायची. सकाळी वर्गात शिरतानाच एकमेकांना विचारायची, "आज किसका नहान है?"

त्या दिवशी पहिलं नहान माझं होतं. मी चादर काढली. मागून कोणीतरी "हें?" असा आवाज काढला. सरांचा लोटा तोवर कलला होता. पाणी निळ्या रेघेवर पडलं आणि क्षणभरही न थांबता दोन्ही बाजूंनी खाली धावलं, ट्रेच्या कडेवरून उडालं आणि सरांच्या बुटांवर पडलं.

मग पनागरहून बसने येणारा एक मुलगा होता, वर्गाचं तोंड, तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "सर, नर्मदा मैया तो पहाड़ पे चढ़ गईं."

मग वर्ग फुटला. "दीदी, नहाने के लिए सीढ़ी लगवा दो." "अरे रोपवे, रोपवे." मीही हसले, हसल्यासारखं तोंड केलं. कान इतके गरम झाले होते की कोणी बघेल म्हणून मी केस पुढे घेतले.

सर हसले नाहीत. बूट झटकले, वाकून माझे कोपरे बघितले. "काम बहुत साफ है. नक्शा किसने पढ़ा?"

"मैंने, सर."

"अच्छा." ते मुलांपासून जरा बाजूला सरकले आणि हळू बोलले, तरी मला वाटलं पार सिव्हिल लाइन्सपर्यंत ऐकू जातंय. "देखिए, हाथ आपका इस क्लास में सबसे अच्छा है. लेकिन नक्शा नहीं पढ़ा गया तो मैं आपको अगले साल में नहीं भेज सकूँगा. सोमवार को फिर लाइए."

मी मान हलवली. ती कशी हलवायची हे मला चांगलं जमत होतं.

बाहेर आले तेव्हा ती मागे मागे आली. "दीदी, चल न, चाय पिऊ."

"डोकं दुखतंय."

"डोकं नाही दुखत तुझं."

"दुखतंय म्हटलं ना," मी म्हणाले आणि समोर आली ती ऑटो पकडली. त्या ऑटोत बसून मी दुकानातल्या माझ्या जागेचा विचार केला. तिथे आता कोण बसत असेल, मालक काय म्हणतील. काही म्हणायचे नाहीत, सरकून जागा देतील. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पण मी डोकं चालवलं. डोंगर झालाय ना, मग त्यावर प्लास्टर ओतायचं आणि सुकलं की उलटं करायचं. डोंगराची दरी होईल. नकाशाकडे परत बघायला नको, कोणाला विचारायला नको. रविवारी सकाळी मॉडेलभोवती पट्ट्यांची चौकट केली, साबणाचं पाणी फासलं, प्लास्टर कालवून ओतलं. दुपारी उलटं करून सोडवलं, तर खालचा बोर्ड भिजून लगदा झालेला, पण प्लास्टरमध्ये नदी खोल, स्वच्छ, अगदी नदीसारखी. मी पाणी घालून बघितलं. जमलं, वाहिलं. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच खोलीत टाळी वाजवली.

तेवढ्यात ती आली. खाली स्कूटीचा हॉर्न आणि मग जिन्यात आवाज. "दीदी, आईनं बोलावलं. पौर्णिमा आहे आज, बुद्ध पौर्णिमा. खीर केली." आणि मग तिला खाटेवरचं प्लास्टर दिसलं.

"बघ," मी म्हणाले. "झालं सरळ."

ती वाकली, बघितलं. भिंतीवर चिकटवलेला माझा नकाशा काढून शेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग ती खाटेच्या कडेवर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले.

"काय झालं?"

"दीदी, नदीपलीकडचा गुरुद्वारा तू शहरात आणला." तिला हसू आवरत नव्हतं. "आणि घाट तिकडे पाठवून दिला, त्या पार. मोहर लावतात न, तसं झालं. उलटं छापून आलं."

मी नकाशा घेतला. तिने बोटाने वळण दाखवलं. कागदावर नदी उजवीकडे वळत होती, माझ्या प्लास्टरमध्ये डावीकडे. इतकं करून नदी खाली आणली तर ती आरशातली निघाली.

माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं. "दीदी, एक विचारू? तुला हे वाचता येते का?"

'येतं' असं तोंडात आलंही होतं. पण समोर ते प्लास्टर होतं.

"आठवीनंतर सुटली ना शाळा," मी म्हणाले. "हे बहुतेक त्याच्या पुढे होतं."

"मग विचारून नाही घ्यायचं? इतके दिवस काहून लपवून राहिली?"

"लाज वाटते."

"कोणाची? माझी?"

तिचीच वाटत होती. ती लहान होती म्हणून सगळ्यांत जास्त तिची.

"माझी मराठी ऐकून तू हसते का?"

"नाही."

"नागपूरचे पाहुणे हसते. मामी तर साडीचा पदर तोंडात घालून हसते. तरी मी बोलून राहिली न?" ती उठली, किल्ली घेतली. "चल. आई वाट पाहून राहिली."

क्वार्टरच्या पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावलेल्या, तिचे बाबा पांढऱ्या सदऱ्यात पेपर वाचत बसलेले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून उभ्या? बसा न. कोकणातल्या न तुम्ही? तिकडे खोबरं टाकत असाल खिरीत. आमच्याकडे नुसतं दूध आटवायचं, सकाळपासून आटवून राहिली मी."

खीर वाटायला मोठ्या डब्यात काढून झाली होती. मला वाटी दिली. मी खाल्ली, पण चव लागली नाही, सोमवार डोक्यात. तेवढ्यात ती रिकामं पातेलं उचलून घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. मला वाटलं, खरवड काढून द्यायची असेल.

"वरून बघ," ती म्हणाली. "आत."

पातेल्याच्या आतल्या अंगाला वाळलेल्या सायीची वळी होती, एकाखाली एक.

"सकाळी दूध इथपर्यंत होतं." तिने वरच्या वळ्यावर बोट ठेवलं. "आटलं, इथं आलं. आणखी आटलं, इथं. हे तुझे कंटूर. आता सांग, सगळ्यात आतलं वळं वर का खाली?"

"खाली."

"आता समज पातेलं उलटं करून ठेवलं आणि बाहेरून अशीच वळी आहेत. वरून पाहिलं तर कसं दिसते?"

मी बघत राहिले. डोळे बारीक केले. एकात एक वळी. "असंच," मी म्हणाले.

"मग कागदावर कसं समजायचं, खड्डा का टेकडी?"

मला बराच वेळ लागला. तिने तो लागू दिला, मध्ये बोलली नाही. आतून आई म्हणाली, "अगं, ते पातेलं घासायला आण. खेळून काय राहिली?"

"आकड्यांवरून," मी म्हणाले. "ते नंबर नाहीत. उंची आहे."

"बस," ती म्हणाली आणि पातेलं आईला देऊन आली.

मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी वाटीत तोंड खुपसून बसले. अवघड असतं तर बरं वाटलं असतं. वर्षभर मी रोज ज्याला घाबरत होते, ते खीर थंड व्हायच्या आत सांगून झालं.

ती तिच्या घरातला कोरा बोर्ड काढायला निघाली होती, नवीन कापायला. तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मी ती बोलायला घाबरले, चुकली तर पुन्हा हसू होईल म्हणून. पण आता हसू व्हायचं काय राहिलं होतं?

"मी नदीकडचे तुकडे कापून घेतले ना," मी म्हणाले, "त्या बोर्डांचे दोन्ही काठ उरलेत. खाटेखाली. खोक्यांच्या दुकानात उरलेलं टाकत नाहीत, सवय आहे. ते काठच जर एकावर एक लावले, लहान आकडा खाली, मोठा वर..."

ती थांबली. हातांनी हवेत काहीतरी रचून बघितलं. मग म्हणाली, "दीदी, स्कूटीची किल्ली कुठं आहे?"

खरंच तसं होतं. दरीचे थर मी कापून बाजूला टाकले होते आणि डोंगराचे चिकटवले होते. काही तुकड्यांवर मी रंग करून बघितला होता, एक शेजारणीच्या दाराखाली सारलेला होता. तेवढे नवीन कापले. तिने कटरला हात लावला नाही. माझ्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसली आणि प्रत्येक थराला विचारत गेली.

"आकडा?"

मी सांगायची.

"पहिल्यापेक्षा मोठा का लहान?"

"मोठा."

"म्हणजे?"

"वर."

दोनदा मी अंदाजाने बोलले. दोन्ही वेळा तिला कळलं. "पाहून सांग," एवढंच म्हणाली. उन्हं उतरली तेव्हा घाट इकडच्या काठाला होता, गुरुद्वारा पलीकडे, आणि मी वॉर्निश मारत होते. तिला मी अजून विचारलंही नव्हतं की तुझं जंगल झालं का.

सोमवारी पाणी नदीत जमलं आणि वळणावरून उजवीकडे गेलं. सरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. दुसराच एक नकाशा माझ्यापुढे धरला. "यहाँ खड़े हों तो नदी दिखेगी?" मी आकडे वाचले, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखे मोठ्याने. मध्ये एक चढ येत होता. "नहीं दिखेगी, सर." ते म्हणाले, "ठीक है. अगले साल मिलते हैं."

पनागरवाल्याने लांबूनच हात जोडले. "दीदी, मैया को उतार लाईं, धन्यवाद."

मी वळले तिला सांगायला. तिचं मॉडेल ट्रेमध्ये होतं आणि सर लोटा बाजूला ठेवत होते. तिचं वॉर्निश अर्धवट राहिलं होतं. पाणी थरांत शिरलं होतं, बोर्ड फुगून उलले होते, जंगलाच्या कडा पोळीसारख्या वर आल्या होत्या. रविवार तिने माझ्या फरशीवर घालवला होता. तिला सुट्टीत थांबून सगळं पुन्हा करावं लागलं.

"मी कापून देते तुझं," मी म्हणाले. "सगळं देते."

"नको दीदी. कापणं तर मलाच शिकायचं आहे न. तू जा घरी, भाऊ वाट पाहत असेल." आणि वर म्हणाली, "होते असं. तू काहून रडून राहिली?"

त्या सुट्टीत घरी सगळे माझं कौतुक करत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं.

आता मी पुण्यात एका वर्कशॉपमध्ये मॉडेलं करते. रोज नकाशे येतात. समजलं नाही की मी विचारते, अजूनही विचारण्याआधी कान गरम होतात, पण विचारते. तिच्याशी फोनवर बोलणं होतं. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आता ते पनागरच्या रस्त्याला राहतात. नवं घर मोठं आहे, पण आईचं मन तिथे लागत नाही, असं ती सांगत होती. जुनं क्वार्टर पाडलं म्हणे. फोटोसुद्धा धड नाही, जे आहेत त्यात माणसंच माणसं, घर मागे कुठेतरी.

ते क्वार्टर मी त्यांना करून देणार आहे. पुढची खोली, व्हरांडा, स्वयंपाकघर, सगळं मापात. त्याचा नकाशा कोणाकडे नाही. मला जबलपूरला जाऊन बसावं लागेल आणि विचारावं लागेल, आईंना, बाबांना, तिला. दार किती रुंद होतं, ओटा कुठल्या भिंतीला, खिडकीतून काय दिसायचं. ते तिघं भांडतील, एकाचं माप दुसऱ्याला पटणार नाही, आणि मला पुन्हा पुन्हा विचारावं लागेल. विचारीन. कधी जमेल ते आज सांगता येत नाही, पण ते घर तिच्या हातात नेऊन देईन.